दोमितिल्लाची माफी

मोन्तेराना गावच्या दोमितिल्ला परटिणीच्या हातापुढं डाग टिकत नसे आणि तोंडापुढं माणूस. चुलीतली राख उकळून तिचं पाणी चादरींवर ओतायचं, तुडवायचं, आपटायचं आणि परसातल्या दोरीवर टाकायचं. एवढ्यावर नवऱ्यामागं तिनं दोन पोरी उजवल्या. परसाच्या वरच्या अंगाला पोपचा उन्हाळी मळा, मधे दगडी भिंत.

एका हिवाळ्यात मळ्यातला हौद फुटला आणि भिंत परसात येऊन बसली. दोऱ्या गेल्या, धुण्याची डोण गेली, राहिला चिखल. गिऱ्हाइकं खालच्या आळीतल्या परटिणीकडं वळायला लागली.

मळ्याच्या कारभाऱ्यांनी कानावर घेतलं नाही. मग दोमितिल्ला डोक्याला धुवट फडकं बांधून कचेरीत गेली. तिथला वकील प्रोस्पेरो भला माणूस. त्यानं तिला बसवून समजावलं, की पोप धर्माचाही धनी आणि या मुलखाचाही राजा. त्याचा न्याय करील असा पृथ्वीवर कुणी नाही.

“न्याय ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “भिंत त्यांच्या पान्यानं पडली, येवढं तरी म्हना.”

“तसं म्हटलं की तोच न्याय झाला, मावशी.”

ती तणतणत निघाली ती थेट देवळात. पापं कबूल करताना तिनं एर्कोले पाद्रीला सगळं सांगितलं. पोपबाबांना मनातल्या मनात काय काय म्हणाली तेही. पाद्रीला भूक लागली होती, घरी चुलीवर पावटे शिजत होते. त्यानं सांगितलं, राग धरू नकोस, माफ करून टाक.

दोमितिल्लानं माफ केलं. पण हळू बोलणं तिला जन्मात जमलं नव्हतं. पाणवठ्यावर ती सांगायची, मी पोपबाबांना माफ केलंय. रविवारी पोपसाठी प्रार्थना झाली, की सगळ्यांच्या आमेनमागून तिचा आवाज यायचा, “अन् माझ्याकडनं बी माफ हाय.” बायका तोंडात पदराची टोकं कोंबायच्या. गाडीवानांनी ही गोष्ट पुढच्या बाजारालाही नेली.

तेव्हा कुठं कारभारी लात्तान्सिओ जांभळा कमरपट्टा सावरत, एर्कोले पाद्रीला पुढं घालून तिच्या चिखलात उतरले.

“बाई, माफ करायचं तर आधी दोषी ठरवावं लागतं. तो अधिकार कुणालाच नाही. माफी मागं घे.”

“घेते की. पन मग राग परत येनार. राग ठिवला तर पाप, सोडला तर गुन्हा. माफ कर म्हनून ह्या बाबांनीच सांगितलं. इचारा त्यांस्नी.”

एर्कोले पाद्री आपल्या जोड्यांवरचा चिखल बघत राहिला.

कारभाऱ्यांनी दगडांच्या ढिगाकडं पाहिलं. “समज, भिंत उभी राहिली. मग?”

“मग माफ काय करू, दगूड?”

ईस्टरच्या आधी गवंडी आले. भिंत का बांधताय ते कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही. दोमितिल्लाचा मात्र पोपवर जीव जडला. उन्हाळ्यात ते मळ्यात आले, की त्यांच्या उशांचे अभ्रे ती दुसऱ्या कुणाला धुवू द्यायची नाही.

कोपऱ्यातला एक दगड तेवढा गवंड्यांनी वाकडा बसवला होता. हिवाळ्यात तिथून बारीक ओघळ उतरायचा आणि नेमका वाळत्या चादरीवर टपकायचा. प्रोस्पेरो एकदा चादरी न्यायला आला तेव्हा त्यानं ते पाहिलं. म्हणाला, सांगून टाक की कारभाऱ्यांना.

दोमितिल्लानं दोरी हातभर सरकवली, वर मळ्याकडं एकदा बघितलं आणि आवाज जमेल तितका खाली आणला.

“तेवढं माफ हाय.”