बाबा समोर घ्यायचे तो सीन

डोळे दाखवायला बाबा रामटेकहून धंतोलीत आले, की मुक्काम माझ्याकडे हुडकेश्वरला असतो. परवा दुपारी त्यांच्यासाठी आमच्या लहानपणीच्या सिनेमाची डीव्हीडी लावली. गावातला एक पोरगा मोठा होतो, त्याची गोष्ट. तेव्हा कॅसेट होती आणि शेवटाजवळचा एक सीन बाबा हमखास रिमोटने पळवत समोर घ्यायचे. काहीतरी चावट असणार म्हणून दादा आणि मी माना खाली घालून बसायचो.

या वेळी तो बघायचाच, म्हणून रिमोट मी स्वतःजवळ ठेवला होता. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. उगाच उठून कूलरमध्ये पाणी टाकलं, पुन्हा बसले.

सीन आला. पोरगा ट्रंक उचलून घरातून निघतो. ओट्यावर बसलेला बाप हाक मारतो, पोरगा वळून बघत नाही. बस्स, एवढंच. मला रागच आला. एवढ्यासाठी इतकी वर्षं आम्हाला माना खाली घालायला लावल्या?

"समोर घे ना वं," बाबा म्हणाले.

दादा कॅनडात, मी इथं, रामटेकच्या घरात ते एकटे.

मी बटण दाबलं.