सुमनताईंचा अमेरिकेतला वर्ग

सुमन दिघे यांनी उज्जैनच्या मुलींच्या एका खाजगी शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, तेव्हा ओहायोत शिक्षिका असलेली त्यांची भाची मृण्मयी म्हणाली, "मावशी, आमच्या शाळेतल्या कच्च्या मुलांना ऑनलाइन शिकवशील? शाळा भरण्याआधी ती घरूनच बसतील. इथं सकाळ, तुझ्याकडे संध्याकाळ."

"सरकारी शाळा आहे का तुझी?"

"सरकारीच, पण चालवते खाजगी संस्था. चार्टर म्हणतात. फी नाही. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकून प्रवेश, मुलं निवडता येत नाहीत. शिकवायचं कसं ते आमचं आम्ही ठरवतो, पण पाच वर्षांत निकाल दाखवावा लागतो. नाहीतर परवानगी देणारं मंडळ संस्थेशी केलेला करार पुढं चालू ठेवत नाही, शाळेला कुलूप. आमचं हे पाचवं वर्ष."

सप्टेंबरात माधव नगरच्या घरी, जेवणाच्या टेबलावरच्या लॅपटॉपमध्ये बारा चेहरे दिसू लागले. त्यांत नाया नावाची दहा वर्षांची मुलगी होती. उत्तर बरोबर आलं तरी ती आधी विचारायची, "चुकलं ना?"

दिवाळीनंतर दहा मुलं राहिली. संक्रांतीला आठ, महिनाअखेर सहा. निरोप कुणीच घेतला नव्हता.

"घरच्यांनी दुसरी शाळा बघितली असेल," मृण्मयी फोनवर म्हणाली.

"सगळ्यांत कच्चेच तेवढे कसे गं गेले?"

मृण्मयी म्हणाली, "मावशी, तू शिकव ना. बाकी छोड दे."

ही युक्ती त्यांना ठाऊक होती. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून त्यांच्या शाळेत नववीतच कच्च्या मुली वेगळ्या काढत आणि त्यांना बाहेरून परीक्षेचा प्रायव्हेट फॉर्म भरायला सांगत. अकरा वर्षं ती यादी सुमनताईंनीच केली होती. एका साली गौरी नावाच्या मुलीचे वडील दिवसभर गेटबाहेर उभे राहिले. सुमनताई मागच्या दारानं घरी गेल्या.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी नायाच्या जागी तिची आई पडद्यावर आली. तिकडे सकाळ, रात्रपाळीचे कपडे अजून अंगावर होते.

"शाळेनं कागद पाठवलाय. मुलीला इथं झेपत नाही, स्वखुशीनं काढून नेते, असं लिहिलंय. शुक्रवारपर्यंत सही मागतायत. तुम्ही तिच्या टीचर. करू सही?"

पडद्याच्या कोपऱ्यात रेकॉर्डिंगचा लाल ठिपका चालू होता. सुमनताईंनी तो बघितला.

"करू नका," त्या म्हणाल्या. "चिठ्ठीत नाव निघून ती आली आहे. कच्ची आहे म्हणून तिला काढता येत नाही."

दुसऱ्या दिवशी वर्गाची लिंक उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मग मृण्मयीचा फोन आला.

"संस्थेच्या लोकांनी रेकॉर्डिंग ऐकलं, मावशी. मला बोलावून घेतलं. माझा व्हिसा याच नोकरीवर आहे, विसरलीस का?"

"मुलं कशी जातायत ते तुला माहीत होतं?"

"यादी मीच करते," मृण्मयी म्हणाली.

चार दिवस सुमनताईंना अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी त्यांनी गेलेल्या सहा मुलांची नावं लिहून मंडळाला पत्र तयार केलं. पाठवण्याआधी मृण्मयीला वाचून दाखवलं. तिनं हो म्हटलं नाही, नकोही म्हटलं नाही. फोन ठेवला. सुमनताईंनी पत्र पाठवलं.

मंडळानं चौकशी केली आणि जूनमध्ये करार संपवला. सव्वातीनशे मुलांची शाळा बंद झाली, नायाचीही. तिच्या आईनं दोन ओळी लिहिल्या: "तुम्ही केलंत ते बरोबर की चूक, मला कळत नाही. नाया आता वही उघडत नाही."

मृण्मयीला दुसरी नोकरी शोधायला साठ दिवस मिळाले, नाहीतर व्हिसा संपून देश सोडावा लागणार होता. ती फोन उचलेना. शेवटी सुमनताई नानाखेड्याला बहिणीकडे गेल्या. मृण्मयीच्या आईनं दार अर्धंच उघडलं.

"पाच दिवस उरलेत तिचे," ती म्हणाली. "कालपासून तिचा फोन बंद आहे. तू आत्ता येऊ नकोस."

आतून कडी लागली.