नवरदेवाच्या आईची कळशी

ती पहिल्यांदा आली तेव्हा मी तिच्यावर भडकलेच. खुर्चीवर बसायच्या आधी तिने कनवटीच्या पिशवीतून एक प्लास्टिक काढलं, खुर्चीवर पसरलं, हाताने सपाट केलं आणि मग त्यावर बसली. नव्वदच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. भाईंदर पश्चिमेला एका छोट्या नर्सिंग होमच्या मागच्या खोलीत, पडद्याआड, मी फिजिओथेरपिस्ट म्हणून नुकतीच लागले होते. तिथल्या दोन्ही खुर्च्या मी रोज सकाळी स्वतः फिनाईलने पुसायचे. "मावशी, आमची खुर्ची घाण वाटते काय तुम्हाला?" मी फाडकन विचारलं. तेवीस वर्षांची होते, डोक्यात हवा होती, आणि तोंड तर आजही आवरत नाही.

ती चौक गावची ख्रिस्ती कोळीण. पन्नाशी ओलांडलेली, हाडापेराने दणकट, केसांत अबोलीचा गजरा. पहाटेच्या बसने टोपली घेऊन भाईंदरच्या बाजारात मासळी विकायला यायची. कंबर दुखते म्हणून डॉक्टरीणबाईंनी तिला माझ्याकडे पाठवलं होतं. माझ्या बोलण्याचा तिला राग आला नाही. पडदा नीट ओढलाय का ते तिने मान वळवून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "खुर्ची घान न्हाय गो बाय. मीच घान हाय."

मी जीभ चावली, पण बोलून तर बसले होते.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. खोकला आला, हसू आलं, टोपली उचलली, की लघवी व्हायची. थोडी नाही, लुगडं भिजेल एवढी. शेवटच्या बाळंतपणापासून हे चाललेलं, आणि तो शेवटचा पोरगा आता बोहल्यावर चढायच्या वयाचा झालेला. इतकी वर्षं तिने ना नवऱ्याला सांगितलं, ना सख्ख्या बहिणीला. आत घड्या घालून फडकी ठेवायची, गडद रंगाचीच लुगडी घ्यायची. "मासलीच्या वासात कुनाला कलत न्हाय," ती म्हणाली, "ती देवाची किरपा."

तिला घाई होती ती पोराच्या लग्नाची. नाताळ झाला की लग्न. त्यांच्यात लग्नाआधी 'उंबराचं पाणी' असतं. बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, पाणी भरतात आणि त्या पाण्याने नवरदेवाला आंघोळ घालतात. तिच्या घरची रीत अशी, की पहिली कळशी नवरदेवाच्या आईने डोक्यावर घ्यायची आणि विहिरीपासून मांडवापर्यंत नाचत आणायची. अख्खा गाव दोन्ही बाजूंना उभा. थोरल्याच्या लग्नात तिने पाय मुरगळल्याचं सोंग केलं होतं. कळशी जावेने आणली आणि ही मांडवात खुर्चीवर बसून रडली. लोकांना वाटलं आनंदाने रडतेय. "आता हा शेवटचा हाय," ती म्हणाली. "ह्या येली कलशी मनाच आनायची हाय."

आमच्या जाडजूड पुस्तकात या विषयाला दीड पान होतं. ओटीपोटाच्या तळाशी झोळीसारखा ताणलेला स्नायूंचा पडदा असतो, तो सैल पडला की असं होतं, व्यायामाने तो घट्ट करता येतो. बस्स. कॉलेजात ते दीड पान शिकवताना सरांनी फळ्याकडे तोंड केलं होतं आणि आम्ही मुली खाली मान घालून हसलो होतो. तेवढ्या शिदोरीवर मी मोठी तज्ज्ञ असल्याच्या थाटात सांगितलं, "मावशी, लघवी अडवून धरतो ना, तस्सं करायचं. दिवसभरात जितक्या वेळा जमेल तितकं."

आठवड्याने ती आली ती तापाने फणफणत. लघवीला आग, डोळे खोल गेलेले. काय केलंत विचारलं, तर म्हणे तू सांगितलंस तेच. पहाटे घर सोडल्यापासून दुपारी परत जाईपर्यंत ती खरोखरची लघवी अडवून बसली होती. अडवणं सोपं जावं म्हणून चहा सोडला, पाणीसुद्धा सोडलं. "पन बाय," ती ओशाळून म्हणाली, "ता तं मी आदीपासून करतंय. बाजारात आमाला जायाला जागा खय हाय?"

डॉक्टरीणबाईंनी मला सगळ्यांसमोर झापलं, आणि बरोबरच झापलं. बाजारात बायकांसाठी मुतारी नाही, हे भाईंदरमध्ये वाढलेल्या मला माहीत नव्हतं का? होतं की! पण तो विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. आयुष्यभर जी बाई नाइलाजाने अडवत आली, तिलाच मी औषध म्हणून अडवायला सांगितलं होतं. त्या रात्री मी घरी जेवले नाही.

ताप उतरल्यावर मीच बाजारात गेले. वेळ सकाळची, गिऱ्हाइकांची झुंबड. मी बाजूला उभी राहून बघत राहिले. शेजारणीची टोपली उचलायला ती हात लावायची, तेव्हा आधी श्वास कोंडायची, दात आवळायची आणि सगळा जोर खाली द्यायची. म्हणजे ज्या झोळीला आधार हवा, तिच्यावरच दणका! मी तिला सांगितलं, उचलताना श्वास सोडा, आणि त्याआधी खालून आत ओढून घ्या. "खालून म्हंजे कसा?" ती म्हणाली. मी हातवारे केले, शब्द शोधले, भर बाजारात माझे कान तापले. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं. समोरच्या पातेल्यात खाऱ्या पाण्यात तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, ठेवल्या होत्या, जिवंत, तोंडं जराशी उघडलेली. त्यांतल्या एकीला तिने बोटाने टोकलं. तिसरी हळूच मिटली.

"असा?"

पातेल्यातली ती तिसरी थोड्या वेळाने आपोआप पुन्हा उघडली, तशी ती म्हणाली, "मंग सोडायचा पन. न्हाय तं मरंल ती."

आवळायचं आणि सोडायचंही! दीड पानात जे मला कळलं नव्हतं ते तिने एका बोटात सांगितलं. पुढे कित्येक वर्षं मी बायकांना हेच सांगत आले. पोटुशीला, ओल्या बाळंतिणीला, पाळी जायला आलेलीला, नातवंडं खेळवणाऱ्या म्हातारीला. मीरा रोडच्या नव्या इमारतींतल्या गुजराती बायकांना मात्र तिसरी कशी सांगणार? त्यांना मी मिटणारं कमळ सांगायचे. कोळणींना कमळ सांगितलं असतं तर त्या खो खो हसल्या असत्या.

दोन दिवसांनी ती खोलीवर आली. हातमोजा घालून मी आतून तपासलं. आधी काहीच नाही, सगळं सैल, मुकं. "मिटवा," मी म्हटलं. नितंब आवळले गेले, भुवया आवळल्या गेल्या, आत काही नाही. "चेहरा सोडा मावशी. फक्त तिसरी." तिने डोळे मिटले. आणि माझ्या बोटाभोवती काहीतरी हललं. अगदी पुसट, झोपेतल्या बाळाने मूठ वळावी तेवढंच. पाच पोरं तिने घरीच जन्माला घातली होती, आणि प्रत्येक वेळी महिनाभरात टोपली पुन्हा डोक्यावर. जिची कधी कुणी विचारपूस केली नाही, ती झोळी हाक मारल्यावर ओ देत होती! मी देवभोळी नाही, पण त्या क्षणी हात जोडावेसे वाटले. हाताला मोजा होता म्हणून जोडले नाहीत.

मग रोज तीन वेळा. पहाटे अंथरुणात, बसमध्ये, दुपारी भात शिजेपर्यंत. चहा-पाणी पुन्हा सुरू करायला लावलं. बाजारामागच्या चाळीतल्या एका ओळखीच्या घरी मी शब्द टाकला, की मावशी अकराला संडासाला येतील. महिनाभर फरक काही नाही. मी धीर सोडला, तिने नाही सोडला. दुसऱ्या महिन्यात म्हणाली, शिंकले आणि वाचले. नाताळच्या आधी आली तेव्हा खुर्चीवर प्लास्टिक न पसरता बसली. मात्र जाताना म्हणाली, "खुर्चीवर बसना येगला नि कलशी येगली. नाचायचा हाय गो."

लग्नाचं आवताण मला होतंच. चौकला पोचले तेव्हा ऊन कललं होतं. विहिरीवर बायकांची ही गर्दी, मातीच्या मडक्याचं घुमट वाजत होतं, बँडवाले तयारीत. तिने नवीन लुगडं नेसलं होतं, पिवळंधमक. गडद रंगांची सवय असलेल्या बाईने पिवळं! एक डाग पडला तरी अख्ख्या गावाला दिसणार होता.

भरलेली कळशी दोघींनी उचलून तिच्या डोक्यावर ठेवली. तिचा श्वास सुटताना मी पाहिला. मग बाजा सुरू झाला आणि ती नाचायला लागली. गुडघ्यांत वाकून, कमरेला झोल देऊन, गिरक्या घेत. जमिनीवर आपटणाऱ्या तिच्या प्रत्येक पावलाला मी मनातल्या मनात म्हणत होते, मिटवा, मावशी, मिटवा. ती तर हसत होती! तोंड भरून, दात दाखवून, ज्या हसण्याला ती बावीस वर्षं घाबरली तेच हसत होती.

पण कळशी हिंदकळत होती. पहिल्या वळणावर पाणी तिच्या खांद्यावर सांडलं, पुढच्या गिरकीला पाठीवर. मांडवाशी पोचेपर्यंत पिवळं लुगडं डोक्यापासून पायांपर्यंत निथळत होतं. आता कसं कळणार? इतक्या दिवसांची मेहनत, आणि तिला मिळालं काय, नुसती शंकाच ना?

कळशी उतरवून ती सरळ माझ्याकडे आली. गालांवरून पाणी ओघळत होतं. तिने माझा हात धरून मला मांडवाच्या कनातीमागे ओढलं आणि कानाशी तोंड आणून म्हणाली, "सगला गार हाय गो बाय. सगला विहिरीचाच हाय. माजा एक थेंब न्हाय."