बोंबीलवाली म्हणजे कचरा नव्हे

मंडळी, आज डोकं फिरलंय, म्हणून घरी आल्या आल्या लिहितेय.

नरपडचा आपला जयेश. स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो. सुरुवातीचे दोन अल्बम त्याने घराच्या ओट्यावर बसून, नुसत्या गिटारवर केले. डहाणूबाहेर ते कोणी ऐकले नाहीत, यात नुकसान बाहेरच्यांचं.

त्यातलं एक गाणं आमच्या तलासरीच्या शाळेतली मुलं गॅदरिंगला गाणार आहेत. आज स्टाफरूममध्ये संगीताच्या सरांनी त्याचं रेकॉर्डिंग "सुधारून" ऐकवलं. मागे ढोल, कीबोर्ड, सगळं ठासून भरलेलं. वर म्हणतात, "मॅडम, ओरिजिनल फारच कच्चं होतं. मध्येच कोणी मासेवाली ओरडत होती. तो कचरा काढला."

कचरा?

अहो, रस्त्यावरून बोंबीलवालीची हाक येते, तेव्हा जयेश गाता गाता म्हणतो, "थांब गं मावशी, आलोच." हसतो, आणि तिच्या हाकेचाच सूर धरून पुढचं कडवं उचलतो. सरांनी हाक काढली, उत्तर मात्र तसंच ठेवलं!

मी विचारलं, "सर, आता हा 'थांब गं मावशी' कोणाला म्हणतोय? कीबोर्डला?"

सगळे हसले, सर सोडून.

मग मीही सांगून टाकलं. गाणं होईल ते नुसत्या गिटारवर आणि बोंबीलवालीसकट. हाक मी देणार, स्टेजवर उभी राहून.

सर म्हणाले, "पालक काय म्हणतील?"

म्हणू देत. फार तर विचारतील, बोंबील कसे दिले!

तुम्ही याल ना विचारायला?