टीम वाचली की येतो

आयुष्यभर बसस्थानकातल्या रिझर्व्हेशनच्या खिडकीत बसून मी लोकांना तिकिटं फाडून दिली. स्वतः मात्र कोल्हापूरच्या पलीकडे फारशी कधी गेले नाही. रिटायर झाल्यावर पहिला परदेश पाहिला तो ओमान, आणि तोही काही हौसेने नाही. वहिनीने पिटाळलं म्हणून.

माझा थोरला भाऊ विश्वास, म्हणजे आमचा दादा, ओमानमधल्या इब्रा नावाच्या गावात एसी दुरुस्त करतो. त्याची बायको माधवीवहिनी चिपळूणला असते. दादा वर्षातून एकदा महिनाभर येतो आणि जातो. कायमचा कधी येणार असं विचारलं की आधी म्हणायचा, मुलीचं शिक्षण होऊ दे. मग म्हणाला, लग्न होऊ दे. तेही झालं, जावई बंगळुरूचा मिळाला. यंदा म्हणाला, "आमची टीम वाचली की येतो." टीम म्हणजे जर्मनीतला कुठलासा फुटबॉल क्लब!

वहिनीने मला बोलावून घेतलं. "शुभाताई, हा सीझन म्हणजे काय हो? आंब्यासारखा मे अखेर संपतो का?"

"मला काय कपाळ कळतंय त्यातलं!"

"मग तुम्हीच जाऊन या. हो की नाही, एवढंच विचारा. त्यांचं नेहमीचं 'इन्शाल्ला, बघू' नको. पोरगी मला बंगळुरूला बोलावतेय, तिला किती दिवस लटकवत ठेवू? आणि मी तरी किती दिवस लटकू?"

वहिनी कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही, म्हणूनच मला झोप लागेना. मी पासपोर्ट काढला.

विमानातून खाली पाहिलं तर नुसते डोंगर, आणि त्यांवर एक झाड असेल तर शपथ. आमच्या कोकणातल्या माणसाला असा उघडा डोंगर बघून कसंसंच होतं. मस्कतला बाहेर पडले तर भट्टीचं दार उघडल्यासारखी हवा तोंडावर आली. दादा समोर उभा होता. पार वाळलेला, पण इस्त्रीचा शर्ट. "आलीस गं शुभे," म्हणाला आणि बॅग घेऊन चालूही लागला. त्याला उभं राहून बोलता येत नाही, हे मला तिथेच आठवलं.

पहिला मुक्काम मस्कतमधल्याच वादी अदाईत, हनीफभाईंकडे. हे मूळचे रत्नागिरीचे, इथे गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत घरं दाटीवाटीने चढत गेलेली. भाभींनी तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण केलं होतं. "ताई, भावाला न्यायला आलात? न्या हो, न्या," हनीफभाई हसत म्हणाले, "पण आमचा एसी कोण बघणार?" दादा मान खाली घालून बोंबील चिवडत होता. मी विषय काढला तर म्हणाला, "शनिवारची मॅच होऊ दे गं."

इब्र्याच्या वाटेवर त्याने मला सगळी रामकथा ऐकवली. क्लबचं नाव मी इथे लिहीत नाही. दादाने बजावलंय, आधीच त्यांचे दिवस वाईट आहेत. अठरा टीम असतात. सीझनअखेर शेवटच्या दोन टीम खालच्या लीगमध्ये जातात, शेवटून तिसऱ्या टीमला आणखी एक संधी मिळते. यांचं सगळंच बिनसलं होतं. दिवाळीत एक कोच काढला, संक्रांतीनंतर दुसरा. गोलकीपरचा हात मोडला. जिंकत आलेली मॅच शेवटच्या मिनिटांत घालवायची, हे तर दर आठवड्याचं. शनिवारी शेवटची मॅच. जिंकले तरच शेवटून तिसरं स्थान आणि आणखी एक संधी, नाहीतर खाली.

"म्हणजे निमआराम गाडीची साधी गाडी होणार," मी म्हटलं.

"तसंच समज," तो म्हणाला. एवढ्या प्रवासात तो तेवढाच हसला.

या वेडाचा मूळ पुरुष म्हणजे दादाचा अर्बाब (मालक) अबू नासर. तरुणपणी तो त्या जर्मन शहरात मशीनकाम शिकला. ज्या खोलीत राहायचा तिथे स्टेडियममधला आरडाओरडा ऐकू यायचा. परक्या मुलखात तेवढीच सोबत, असं तो सांगतो. दादा त्याच्याबरोबर मॅच बघायला बसू लागला, आणि एकदा टीम जिंकली तेव्हा गमतीत म्हणाला की आमच्याकडे याला पायगुण म्हणतात. झालं! तेव्हापासून दादाशिवाय मॅच नाही. शिवाय यंदाचे जे काही थोडे विजय मिळाले ते सूर या बंदरगावी, अबू नासरच्या चुलतभावाच्या घरी बसून बघितलेले. म्हणून शेवटची मॅचही सूरला. दादाने दाराजवळच बसायचं, तीच उशी पाठीला घ्यायची. आमच्या कोकणातलं खूळ बघा कुठवर जाऊन पोचलं!

इब्रा मला आवडलं, खोटं कशाला सांगू. खजुराच्या बागा, त्यांतून वाहणारा फलज (पाटाचं पाणी), जुनी मातकट घरं. बुधवारी इथे बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्या बायका, पुरुषांना मज्जाव. दादा मला तोंडाशी सोडून पळाला. भाषा येत नाही, आणि मी मख्खासारखी कापडांच्या ढिगासमोर उभी. तेवढ्यात एक म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "उख्त विश्वास?" उख्त म्हणजे बहीण. मी मान हलवली आणि मग काय विचारता! एकीने लुबान (धूप) हातात कोंबला, दुसरीने खजूर, तिसरीने गालाला हात लावून काहीतरी बराच वेळ सांगितलं. विश्वास, विश्वास एवढंच मला कळत होतं. चिपळूणला आमच्या आळीतसुद्धा दादाला अर्धे लोक ओळखत नाहीत. मला अभिमान वाटला, आणि लगेच वहिनी आठवली.

शनिवारी दुपारी निघालो. दादा गाडी चालवत होता, शेजारी अबू नासर, मागे मी. अबू नासर उंच, पांढऱ्या दाढीचा, अतिशय सभ्य माणूस. दर थोड्या वेळाने मागे वळून मला "सब अच्छा?" विचारायचा. उजवीकडे तांबूस वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या, मधूनच उंट रस्त्याकडेला उभे. आणि मध्येच गाडीचा एसी बंद पडला. एसी दुरुस्त करणाऱ्याच्या गाडीचा एसी! मला हसू आवरेना. पण पुढे कुणीच हसलं नाही. दादाने गाडी बाजूला घेतली, बॉनेट उघडलं, घामाने निथळत खाटखूट केली, पण एसी काही सुरू झाला नाही. अबू नासरने आरशातून माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चटकन नजर काढून घेतली. आजवर गाडीत तिसरं माणूस नसायचं ना! एरवी मला कुणी पांढऱ्या पायाची म्हटलेलं खपत नाही, पण तो बिचारा काही बोललाच नाही. उरलेला रस्ता आम्ही खिडक्या उघड्या टाकून, तोंडात वाळू खात कापला.

सूरला पोचलो आणि समुद्राचा वास आला तेव्हा जिवात जीव आला. खाडीकाठी लाकडी गलबतं बांधायचा कारखाना आहे. अर्धवट गलबताच्या फासळ्या बघताना आपल्या बंदरांची आठवण झाली. घरी जेवायला कनद (आपली सुरमई) आणि भात. चव थेट आपली, फक्त तिखट कमी. दादा मात्र ताटात बोटं फिरवत बसला होता.

संध्याकाळी पुरुष मजलिसमध्ये (पाहुण्यांच्या बैठकीत) बसले आणि मला बायकांच्या खोलीत नेलं. तिथेही टीव्ही होताच. घरमालकीण झुवैना आईच्या आजारपणात मुंबईत राहिलेली, त्यामुळे हिंदी छान. पहिल्या हाफमध्ये आपल्या टीमने गोल केला आणि भिंतीपलीकडून अशी आरोळी आली की मीही टाळ्या वाजवल्या. टीम वाचली तर दादा घरी येणार, एवढंच मला फुटबॉल कळत होतं. जन्मात कुठल्या देवाला घातलं नसेल एवढं साकडं मी त्या अनोळखी पोरांच्या पायांना घातलं.

मध्यंतरात झुवैनाने कावा (कॉफी) ओतता ओतता विचारलं, "विश्वासभाई घर कब जाता है?"

"आपके अबू नासर छोडेंगे तब ना!"

ती चकित झाली. "अबू नासर? वो तो कब से बोलता है, जाओ, बीवी के पास जाओ. विश्वासभाई ही बोलता है, अभी नहीं."

मी कप खाली ठेवला. दुसरा हाफ सुरू झाला आणि थोड्याच वेळात मगरिबची (सूर्यास्ताची) अजान झाली. पुरुष उठून शेजारच्या मशिदीत गेले. म्हटलं, आता दादा एकटा सापडेल. तरातरा बाहेर आले आणि मजलिसच्या दारात थबकले.

दादा ठरलेल्या उशीला टेकून एकटाच बसला होता. टीव्हीवर गडबड उडाली, आणि समोरच्या टीमने गोल केला. बरोबरी! मला वाटलं आता हा कपाळावर हात मारून घेईल. दादाने डोळे मिटले, खांदे सैल सोडले आणि म्हणाला, "हाश्श."

ज्याच्या पायगुणावर अख्खं घर भिस्त ठेवून बसलं होतं, तो माणूस टीम बुडायची वाट बघत होता. कारण टीम वाचली असती तर त्याला घरी यावं लागलं असतं. मी तशीच मागे फिरले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण परक्याच्या घरात तोंड कसं उघडणार?

मंडळी नमाजाहून परतली. शेवटी शेवटी आपल्या टीमवर पेनल्टी बसली, गोल झाला आणि सगळं संपलं. टीव्हीवर ती पोरं गवतावर आडवी पडून रडत होती. निघताना बाहेर आले तर अबू नासरही रडत होता. लहान मुलासारखा, न लाजता. दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम सब ठीक किया, विश्वास. खलास." दादाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

मी त्याला ओढतच समुद्रावर नेलं.

"हाश्श काय, दादा?"

तो समजला. मग म्हणाला, "शुभे, मला भीती वाटते गं."

"कसली? बायकोची?"

"तिथे मी पाहुणा. चार दिवस कोडकौतुक, पाचव्या दिवशी मी कुठल्या खुर्चीत बसायचं तेही कळत नाही. ती तिच्या कामात. तिचं सगळं माझ्याशिवाय लागलेलं. इथे सकाळपासून फोन वाजतो. तिथे आलो की मी कोण?"

"आणि ती कोण? तिने काय तुझ्या इन्शाल्लाशी संसार केला?" माझा आवाज चढला. वाळूत खेळणारी पोरं बघायला लागली. बघू देत. "नाही यायचं तर नको येऊस. पण तिला सांग. आत्ता, माझ्यासमोर."

त्याने फोन लावला. स्पीकर मीच चालू केला.

"माधवी, टीम हरली."

"हो का," वहिनी म्हणाली.

"मी... ते टीमचं नुसतं निमित्त होतं. मी येत नाही. कायमचा नाही येत. मला जमणार नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"बरं," वहिनी म्हणाली. "जेवलात का?"

"नाही."

"जेवून घ्या. आणि बरं झालं सांगितलंत. आता मला हलता येईल."

दोन दिवसांनी मी परत निघाले. विमानतळावर दादाने बॅगेत खजूर भरून दिले. मी त्याच्याशी धड बोलले नाही, अजूनही बोलत नाही. प्रवास करून आल्यावर माणूस शहाणा होतो म्हणतात. मी आले ती नुसती चिडून आले. खालच्या लीगमध्ये गेलेल्या टीमला निदान पुढच्या वर्षी वर यायची सोय असते. आणि वहिनीची वर्षं?

चिपळूणला उतरून थेट तिच्याकडे गेले. घरभर खोकी होती, बंगळुरूचं तिकीट काढलेलं होतं. ती भांडी कागदात गुंडाळत होती, आणि इतक्या वर्षांत तिचे हात एवढे भराभर चाललेले मी पाहिले नव्हते. तिने ओमान कसं आहे, ऊन किती, भाभींनी काय केलं होतं, सगळं विचारलं. मी सांगत राहिले.

मग एक पातेलं हातात धरून तिने विचारलं, "टीम हरल्यावर हे रडले का?"

"नाही. अर्बाब रडला. दादाने साधं डोळ्याला बोटही लावलं नाही."

"मग नाहीच रडले?"

"रडला," शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. "तुझा फोन ठेवल्यावर. वाळूत बसकण मारून रडला. मला उठवता उठवेना."

वहिनीने ते पातेलं हळूच खाली ठेवलं. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "नव्हते रडले असं सांगितलं असतंत, तर जाणं सोपं झालं असतं हो."