विलायती बाबूना आणि धुऱ्यावरची फुलं

यवतमाळच्या बाजारात आमचं युनानी जडीबुटीचं दुकान आहे. नवरा गेल्यापासून गादीवर मीच बसते, आणि सुकलेलं कोणतंही फूल डोळे मिटून वासावरून ओळखते. खोटी नम्रता मला जमत नाही.

बाबूना, म्हणजे कॅमोमाइल, मूळचा विलायतेकडचा. मध्ये पिवळा गोंडा, भोवती पांढऱ्या पाकळ्या, वास पिकल्या सफरचंदाचा. झोप येईना, पोट बिघडलं तर काढा; गुडघे धरले तर तेल. फुलं तिळाच्या तेलात बुडवायची, काचेची बरणी पंधरवडाभर उन्हात ठेवायची आणि मलमलीतून गाळायचं. बाकीच्यांना चूल लागत असेल, आम्हाला आमचं ऊन पुरतं.

मारेगावकडची एक शेतकरीण ते तेल कायम माझ्याकडून न्यायची. यंदा उन्हाळ्यात तीच एक बाटली घेऊन आली. तिची लेक बाळंतपणाला माहेरी होती, नातू झाला होता.

"भाभी, तुमच्या बरणीत दिसते ते फूल आमच्या वावराच्या धुऱ्यावरच भेटलं. मी घरीच तेल केलं. एक बाटली घरी ठेवली, ही तुमाले. आजपासून नातवाची मालिश."

मी बूच काढलं. सफरचंद कुठलं, नुसता कडवट उग्र वास.

"ताई, हे गाजरगवत हाय. बाळाले लावू नका, अंगावर फोड येतीन."

"फुकट भेटलं म्हून म्हणता नं? तुमचा माल खपला पाह्यजे."

मला सणकून राग आला. इतक्या वर्षांची ओळख आणि ही किंमत! पण तिकडे बाळ होतं, म्हणून राग गिळला.

"फुलं कोणं तोडली?"

"मीच तोडली."

"मंग हात दाखवा."

पदराखालचे हात तिनं पुढे केले. मनगटापर्यंत लाल चट्टे, खाजवून सोललेले.

"उन्हानं झालं असन," ती म्हणाली. पण पुढच्याच क्षणी तिनं पिशवीतून मोबाईल काढून माझ्यापुढे धरला. लेकीचा नंबर मी लावला आणि आवाज मोठा केला.

"पोरी, बाळाले तेल लावलं काय?"

"नाही वं माय. आत्या लाव म्हणत होती, पण पह्यला हात तुयाच लागला पाह्यजे म्हून मी थांबली."

ते दोन्ही हात अंगापासून लांब धरून ती दुकानाच्या पायरीवर बसली आणि रडू लागली.