अंगठा लावलेला मोगरा

मोगरा ताजा की शिळा हे दाबून कळत नाही, ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीत, घाटकोपरच्या बाजारात, चारचौघांसमोर कळली.

आम्ही कोकणातले. सुरमई घ्यायची तर कल्ला उचलून बघायचा, पोटाला अंगठा लावायचा आणि मगच भाव करायचा, हे वडिलांनी मला चड्डीत असतानाच शिकवलं होतं. फुलांचं कुणी शिकवलं नाही. त्या रविवारी डाव्या हातात सुरमईची पिशवी आणि समोर फुलवालीची टोपली. मी एक गजरा उचलला आणि सवयीने एकेक कळी दाबत गेलो. त्या गजऱ्यावर माझी सगळी विद्या खर्च झाली. मग तुलना करायला हवी म्हणून आणखी चार गजऱ्यांना जाता जाता अंगठा लावला.

फुलवालीने शेवटी टोपली आपल्याकडे ओढली.

"भाऊ, काय शोधताय?"

"ताजा आहे का बघतोय."

"दाबलेली कळी संध्याकाळपर्यंत काळी पडते. त्यात तुमच्या हाताला मासळी. आता हे पाच कोण माळणार, मी?"

पलीकडेच माझी नेहमीची कोळीण बसली होती. माहुलहून यायची, अंबाड्यावर रोज ताजी वेणी. तिने हातातला कोयता खाली ठेवला. "ए दादा, कल्ले पन बघ ना त्याचे," ती म्हणाली, आणि मासळीची अख्खी रांग हसली.

पाचही गजरे घ्यावे लागले. मला हवा होता एक. सकाळी चहा ओतता ओतता बायको म्हणाली होती, "शेजारणीचा नवरा दर रविवारी गजरा आणतो. संध्याकाळी ती गॅलरीत पाठ करून उभी राहते, सगळ्यांना दिसावा म्हणून. तुम्ही बारा वर्षं मासे आणताय. मासे काय केसात घालू?"

म्हणून तर मी टोपलीपाशी पोचलो होतो.

पण पाच गजऱ्यांचा ओला पुडा हातात आला की माणसाचं काहीतरी होतं. मासे आपण घरी नेतो ते खायला. फुलं घ्यायची कशाला, हे मला कधी उमगलं नव्हतं. त्या दिवशी दहा पावलांतच उमगलं. द्यायला. उलटा फिरलो आणि पहिला गजरा कोळणीलाच दिला. "हसलीस ना, घे." तिने तो वेणीवर खोचला आणि माझ्या पिशवीत दोन बोंबील टाकले. मी नवरदेवासारखा तरंगत चाळीत शिरलो.

जिन्यात तीन शेजारणी गहू निवडत होत्या. त्यांत ती पाठवालीही होती.

"काय भावजी, आज पुड्यात काय?"

"घ्या ना वहिनी," मी म्हणालो. एकीला दिल्यावर दुसरीला नाही कसं म्हणणार? तिसरीलाही दिला. आणि दुसऱ्यांना द्यायचा तर चांगलाच द्यायला हवा. दारापाशी आलो तेव्हा पुड्यात एकच उरला होता, माझी सगळी विद्या झेललेला.

बायको दारातच होती. तिने सगळं ऐकलं होतं. उरलेलं, अंगठ्यासकट, मी सांगितलं.

"म्हणजे आज सगळ्या मजल्याला गजरा," ती म्हणाली. "मग मी माळला तर तो तुम्ही मला आणलात, हे कुणाला कळणार?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने सुरमईची पिशवी घेतली, पुडा घेतला आणि आत गेली. सुरमई छान झाली होती, पण माझ्या ताटात शेपटीचा तुकडा आला.

संध्याकाळी तिघीजणी गॅलरीत पाठ करून उभ्या. गजरे पांढरे, कुठेतरी एखादाच डाग. आमचा गजरा तोवर चहाच्या चोथ्यासारखा झाला होता. बायको बाहेर येऊ नये अशी मी मनोमन प्रार्थना करत होतो, तेवढ्यात ती आली. गजरा माळून. आणि बरोबर तिघींच्या मधे, पाठ करून उभी राहिली. शेजारणीने नाक जरा वर करून वास घेतला.

मी हळूच जवळ गेलो. "अगं, काढ तो. काळा पडलाय, वासही येतोय."

"राहू दे," ती म्हणाली. "काळा पडलाय, सुरमईचा वास येतोय. कुणाच्या नवऱ्याने आणलाय ते आता सांगत बसायला नको."